घोडा

सावद्यात, केळी पिकवायच्या कोठारामागे एक खोली आहे.
दर दुसऱ्या शनिवारी हेमराज फेगडे तिथलं
बापाचं वजनकाट्याचं टेबल मधे ओढतो.
जुन्या पावत्या चिकटवून, पाठीवर काढलेला नकाशा :
काळवेणी नदी, धरण,
धरणाखाली पात्रात उतरलेली नऊ हजारांची फौज
आणि फौजेच्याही खाली, नखाएवढं,
कांडवेल.

खेळ मी चालवते.
राजे, रोगराई, वारा, सगळं माझ्या वहीत.
बाकीच्यांकडे फक्त एकेक माणूस.
फिरोज तडवीकडे सेनापती अर्णाक.

"दरवाजे उघडा," तो म्हणाला,
इतकं हळू, की वृंदानं चहाची किटली पुढे सरकवली.

फौज गेली. राजधानी वाचली.
हेमराजनं टेबलावर थाप मारली, फासे खाली पडले.
वृंदा वाकून ते गोळा करत होती, तिथूनच तिनं विचारलं,
"आणि कांडवेल?"
"गेलं."
"किती होते?"
"तीनशे बारा," मी म्हणाले.
आकडा कुठून आला ते नंतर दिसलं :
दुमडलेल्या पावतीच्या कोपऱ्यावर,
नवती केळी, घड, ३१२.

हेमराज म्हणाला, "राजधानीत चाळीस हजार होते भो.
बाप प्रत्येक गाडीमागे घट धरतोच की."
वृंदा म्हणाली, "घडांना नावं नसतात."
"कांडवेलमधे तरी कुणाला नाव होतं? हिनं दिलंच नव्हतं."
ते खरं होतं. मी वहीकडे पाहिलं.
"एक घोडेस्वार," वृंदा फिरोजकडे वळली,
"एक पाठवायचा होतास, आदल्या रात्री. डोंगराच्या अंगानं."
"घोडा दिसला की फौज सावध," पुन्हा हेमराजच.
"म्हणजे गाव झोपलेलं हवंच होतं तुम्हाला.
नाइलाज नका म्हणू मग. बेत म्हणा."

भिंतीपलीकडे पंखे बदलले.
तिथं हिरवे तोडलेले घड
गुपचूप पिवळे होत होते.

मग फिरोज बोलला. अर्णाकसारखा नाही, स्वतःसारखा.
"माझा बाप धरणावर होता. गेटवर.
पाणी सोडायच्या आधी खालच्या गावांना फोन करायचा.
एका रात्री एक फोन लागेना.
मला उठवलं, चौदा वर्षांचा मी, लुना दिली,
म्हणाला, जा, पात्रात कुणी झोपलं असंल.
एकच माणूस होता. भोई. जाळ्यावर डोकं ठेवून.
उठवला तर मायबहीण काढली माझी.
काठावर आणून बसवला. दोघं बसलो उजाडेपर्यंत.
पाणी आलंच नही.
वरचा पाऊस थांबला होता, गेट उघडलंच नव्हतं."

कुणी काही म्हणेना. हेमराज पावतीची कड सोलत बसला.

"म्हणून तर विचारते," वृंदाचा आवाज खाली आला होता,
"तूच कसा नाही पाठवलास?"

"तेव्हा मी टाइम मोजला होता ना.
रस्ता, चिखल, हाका मारणं, म्हातारे, ढोरं.
अर्णाकच्या घोड्याचाही मोजला.
नसता पोचला.
स्वार तेवढा गेला असता फुकट, तीनशे तेरावा."
"नसता पोचला तरी," वृंदा म्हणाली,
पण पुढचं वाक्य तिला सापडलं नाही.

साडेबारा झाले. हेमराजनं शटर ओढलं,
दिवा मालवायच्या आधी फिरोज थांबला.
"खरं सांग. पोचला असता का घोडा?"

माझ्या वहीत, पान सतरा, पेन्सिलीनं, महिन्यापूर्वी लिहिलेलं :
कुणी स्वार पाठवलाच, तर तो वेळेत पोचतो.
फासे नाहीत. विचारलं तरच.

वही मी पर्समधे घातली. चेन लागत नव्हती, दोनदा ओढली.
"फासे टाकावे लागले असते," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, बरं वाटल्यासारखी,
आणि फैजपूर रस्त्याला गाडी लावली होती तिकडे
चालत गेला.